शब्दचर्चा : ‘ज्युनियर कॉलेज’, ‘रिक्रूट’ आणि ‘कोच’ यांना मराठीत काय म्हणायचं?

कॅन्ससहून (मूळ प्रश्न)

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी कॉलेज फुटबॉलवर लेख लिहिते आहे. म्हणजे हेल्मेट घालून, अंगावर पॅड चढवून खेळतात तो अमेरिकन फुटबॉल. आमच्या घरी शनिवार त्याच्याच नावाने असतो आणि कॅन्सस स्टेट विद्यापीठाची टीम हरली की त्या रात्री कुणी धड जेवत नाही. सध्या दोनच विषय आहेत, ज्युनियर कॉलेजमधून कोण येणार आणि नवा कोच कोण होणार.

आई इथे आली आहे. ती मेथी निवडत बसली होती, तेव्हा तिला मसुदा वाचून दाखवला. वाक्य असं होतं : ‘संघाने यंदा कनिष्ठ महाविद्यालयातून चार खेळाडूंची भरती केली असून नव्या प्रशिक्षकाची वर्णी लवकरच लागेल.’ तिचा हात थांबला. म्हणाली, “अकरावीची पोरं या एवढ्या धिप्पाड माणसांसमोर उभी करतात?”

चूक तिची नव्हती. महाराष्ट्रात ज्युनियर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. अमेरिकेतलं ज्युनियर कॉलेज बारावीनंतरचं, दोन वर्षांचं. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनियर कॉलेज 1901 साली निघालं, सार्वजनिक कॉलेजांत ते सगळ्यांत जुनं. तिथून दोन वर्षांची पदवी घेऊन मुलं विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जातात. म्हणजे आलेला मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा असतो आणि दोन हंगाम खेळलेला असतो. मराठी शब्द अगदी तोच, पण त्यामागचा मुलगा वेगळा. मला शब्दकोशातला प्रतिशब्द नकोय. आईला एका वाचनात कळेल असं काहीतरी सुचवा.

पुण्याहून

‘कनिष्ठ’ तर काढाच. अकरावी-बारावीचा घोटाळा बाजूला ठेवला तरी त्या शब्दात कमीपणा आहे. कनिष्ठ लिपिक, कनिष्ठ अभियंता, सगळीकडे तो खालच्या पायरीवरच्याला लागतो.

मडगावहून

मला हा घोटाळा झालाच नाही. गोव्यात आम्ही अकरावी-बारावीला हायर सेकंडरी म्हणतो. ज्युनियर कॉलेज हा शब्द आमच्याकडे रोजच्या बोलण्यात नाही, म्हणून डोक्यात लगेच अकरावीचा वर्ग आला नाही. महाराष्ट्रातल्या वाचकासाठी लिहायचं असेल तर साधं ‘दोन वर्षांचं कॉलेज’ लिहा. लांब आहे, पण गैरसमज होत नाही.

न्यू जर्सीहून

‘दोन वर्षांचं कॉलेज’ला माझाही पाठिंबा. इथे बोलताना सगळे ज्युनियर कॉलेजला ‘ज्यूको’ म्हणतात आणि तो शब्द मुलालाही लावतात : ‘तो ज्यूको आहे.’ लेखात हे टाळा. त्यात पूर्वी एक हेटाळणी होती, की शाळेत गुण कमी पडले म्हणून हा तिकडे गेला. 1986 मध्ये मोठ्या विद्यापीठांसाठी शैक्षणिक अटी कडक झाल्यावर अशी पुष्कळ मुलं दोन वर्षांच्या कॉलेजात गेली, हे खरं. पण सगळ्यांचं कारण ते नव्हतं. पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये गाजलेल्या ॲरन रॉजर्सला शाळा संपताना एकाही मोठ्या विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊ केली नाही, म्हणून तो 2002 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ब्यूट कॉलेजात खेळला. कॅल विद्यापीठाचे (कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली) कोच जेफ टेडफर्ड तिथे गेले होते ते दुसऱ्याच एका खेळाडूला बघायला.

पुण्याहून

म्हणजे थोरलीला बघायला गेले आणि धाकटीला पसंत करून आले.

ताई, मला वाटतं तुमचा शब्द इथेच सापडेल. रिक्रूटिंगची, म्हणजे संघासाठी खेळाडू मिळवायची, सगळी रीत आपल्या लग्न जुळवण्यासारखी दिसते. मुलगा विद्यापीठ बघायला जातो, कोच त्याच्या घरी येऊन आईवडिलांशी बोलतात. मग मुलगा ‘कमिट’ होतो, तो नुसता तोंडी होकार. सही डिसेंबरात किंवा फेब्रुवारीत, तो साखरपुडा. मधल्या काळात दुसरं स्थळ आलं की होकार फिरतो. ‘कमिट’ला ‘वचनबद्ध’ म्हणू नका, ‘होकार दिला’ म्हणा. आणि ‘डीकमिट’ म्हणजे ‘होकार फिरवला’.

कॅन्ससहून

‘होकार’ घेतला! सहीची डिसेंबरातली मुदत 2017 पासून आली. त्याआधी फेब्रुवारीतला पहिला बुधवार हाच मोठा दिवस असायचा. मात्र दोन वर्षांच्या कॉलेजातल्या मुलांना डिसेंबरात सही करायची सोय आधीपासून होती, कारण ती जानेवारीत येऊन वसंतातल्या सरावाला उभी राहतात.

आता ‘भरती’चं बोला. आई म्हणते ‘निवड’ लिही. मला तो शब्द पटत नाही. समोर मेथी होती म्हणून असेल, पण ‘निवडणे’ म्हटलं की मला टाकून दिलेल्या काड्या दिसतात. तिथे सगळा ढीग आपल्या ताब्यात असतो. इथे मुलगा कोचच्या ताब्यात नसतो.

कोल्हापूरहून

भरती नकोच. पोलीस भरतीत पोरगं पहाटे मैदानावर रांगेत उभं असतं, सोळाशे मीटर धावतं आणि यादीत नाव यायची वाट बघतं. तिथे पोरगं सरकारच्या दारात असतं. तुम्ही सांगताय त्यात कोच पोराच्या दारात येतोय. एकदम उलट.

आमच्याकडे याला शब्द आहे, हेरणे. वस्ताद जत्रेतल्या कुस्त्या बघत हिंडायचे. एखादं पोरगं नजरेत भरलं की त्याची मान, मांड्या, दम बघायचे, घरी जाऊन थोरल्यांशी बोलायचे, ‘याला तालमीत द्या, खुराकाचं आम्ही बघतो’ म्हणायचे. ‘ब्लिन कॉलेजातून हेरून आणलेला’ असं लिहा. पुढे खुराक हा शब्दसुद्धा वापरता येईल. शिष्यवृत्तीत राहणं-जेवण धरलेलं असतं ना?

कॅन्ससहून

धरलेलं असतं, पूर्ण शिष्यवृत्ती असेल तर. दादा, तुम्ही ब्लिनचं नाव काढलंत म्हणून सांगते, माझ्या लेखाचा जीव तिथेच आहे.

1988 च्या शेवटी बिल स्नायडर आयोवाहून कॅन्सस स्टेटला कोच म्हणून आले, तेव्हा हा संघ ऑक्टोबर 1986 पासून एकही सामना जिंकलेला नव्हता. ओळीने सत्तावीस सामने. पहिल्या हंगामात, 1989 मध्ये, अकरांपैकी एक जिंकला. हरणाऱ्या संघाला शाळेतली नावाजलेली मुलं होकार देत नव्हती. पण कॅन्सस राज्यात दोन वर्षांची कॉलेजं गावोगाव फुटबॉल खेळतात : हचिन्सन, कॉफीव्हिल, गार्डन सिटी, डॉज सिटी, एल डोराडोतलं बटलर. स्नायडरांनी तिथली मुलं हेरली, बाहेरच्या राज्यांतलीही आणली. मायकल बिशप टेक्सासातल्या ब्लिनहून आला. ब्लिनला तो एकही सामना न हरता दोनदा राष्ट्रीय विजेता झाला होता, 1995 आणि 1996 मध्ये. इथे 1997 आणि 1998 असे दोनच हंगाम खेळला. 14 नोव्हेंबर 1998 ला नेब्रास्काला 40-30 हरवलं, 1968 नंतर पहिल्यांदा. त्या वर्षी हाइजमन करंडकाच्या (तो वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला देतात) मतदानात तो दुसरा आला.

आणि ब्लिनला त्याचे कोच होते विली फ्रिट्झ, आमच्या कॅन्ससचेच. बिशप वर गेला तसे फ्रिट्झ गेले नाहीत. मधे सेंट्रल मिसूरी, सॅम ह्यूस्टन, जॉर्जिया सदर्न असं करत ते टुलेन विद्यापीठाला पोचले, तिथे 2 जानेवारी 2023 च्या कॉटन बोल या मोठ्या सामन्यात यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला) 46-45 हरवलं आणि डिसेंबर 2023 मध्ये ह्यूस्टन विद्यापीठाने त्यांना घेतलं. खेळाडूला वर यायला एक सही पुरली, कोचला सत्तावीस वर्षं लागली. लेखात मला हे दोघं शेजारी ठेवायचे आहेत. म्हणून ‘वर्णी लागली’ हे शब्द तिथे मनाला टोचतात.

पुण्याहून

टोचणारच. ‘वर्णी लागली’ म्हटलं की आज वाचकाला वशिला दिसतो. महामंडळावर लागते ती वर्णी. फ्रिट्झ यांच्यासाठी ‘नेमणूक झाली’ एवढंच लिहा. आणि अजून ठरलेलं नसेल तेव्हा ‘संभाव्य नियुक्ती’ वगैरे लिहू नका. ‘त्यांचं नाव घेतलं जातंय’ हे रोजचं मराठी आहे.

नागपूरहून

जुन्या कोचला काढतात त्यालाही शब्द ठरवून घ्या. वर्तमानपत्रं हकालपट्टी, गच्छंती, उचलबांगडी एकाच अर्थाने वापरतात, मला ते खटकतं. उचलबांगडीत माणूस एका जागेवरून उचलून दुसरीकडे टाकला जातो, बदलीला तो शब्द बरोबर. हकालपट्टीत हात हलवत बाहेर. पण नोव्हेंबर 2023 मध्ये टेक्सास ए अँड एमने जिम्बो फिशर यांना काढलं तेव्हा करार मोडल्यापोटी त्यांना साडेसात कोटी डॉलरच्या वर देणं लागत होतं. त्याला हकालपट्टी कशी म्हणायची? ‘नारळ दिला’ हाच शब्द. काढायचं तर आहे, पण हातात काहीतरी ठेवून पाठवायचं.

कोल्हापूरहून

मुख्य कोचला ‘वस्ताद’ लिहा असं मी म्हणणार होतो, पण हे वाचून थांबलो. वस्ताद कुणी नेमत नाही आणि काढतही नाही. वस्ताद मानतात. करार, मुदत, भरपाई यांत तो शब्द बसत नाही. बातमीत ‘कोच’ ठेवा, सगळ्यांना कळतो.

कॅन्ससहून

स्नायडरांना मात्र वापरते. ते 2005 मध्ये निवृत्त झाले, 2009 मध्ये परत आले आणि 2018 पर्यंत होते. स्टेडियमला त्यांच्या कुटुंबाचं नाव आहे. त्यांना इथले लोक मानतात.

अकोल्याहून

चर्चा आता वाचली. या खेळात एक ‘रेडशर्ट’ असतो ना? माझा मुलगा तिकडे शिकतो, त्याच्याकडून ऐकलं. वर्षभर सराव करायचा, सामने जवळजवळ खेळायचे नाहीत, म्हणजे खेळायच्या ठरलेल्या वर्षांतलं ते वर्ष खर्ची पडत नाही. आमच्याकडे रान पड ठेवतात. एक हंगाम पेरायचं नाही, जमिनीला विसावा द्यायचा, पुढच्या साली पीक दमदार येतं. ‘त्याचं पहिलं वर्ष पड ठेवलं’ असं लिहिलं तर आमच्या भागात शेंबडं पोरही समजेल.

न्यू जर्सीहून

काका, फार नेमका शब्द दिलात. पाच वर्षांत चार हंगाम, त्यातलं एक वर्ष पड. 2018 पासून पड ठेवलेल्या वर्षातही चार सामन्यांपर्यंत खेळता येतं, म्हणजे बांधावर थोडा भाजीपाला घेतल्यासारखं.

आणि ‘एलिजिबिलिटी’साठी, म्हणजे कॉलेजकडून खेळायची किती वर्षं उरली त्यासाठी, ‘पात्रता’ लिहू नका. पात्रता एकतर असते नाहीतर नसते, ही वर्षांनी मोजतात. सरकारी नोकरीत आपण म्हणतो, ‘आधीची सेवा धरली का?’ इथे नेमका तोच वाद झाला. डिएगो पाव्हिया न्यू मेक्सिकोच्या दोन वर्षांच्या लष्करी कॉलेजात खेळून पुढे व्हँडरबिल्टला आला. ती आधीची वर्षं धरू नयेत म्हणून तो कोर्टात गेला आणि डिसेंबर 2024 मध्ये टेनेसीतल्या संघीय न्यायालयाने त्याला 2025 चा हंगाम खेळायची तात्पुरती मुभा दिली. ‘ज्युनियर कॉलेजची वर्षं धरायची की नाही’, एका ओळीत सगळा खटला येतो.

नागपूरहून

‘वॉक-ऑन’ राहिला. शिष्यवृत्ती नाही, कुणी बोलावलेलं नाही, स्वतःहून येऊन संघाबरोबर घाम गाळतो आणि कधीतरी शिष्यवृत्ती मिळेल म्हणून थांबतो. त्याला ‘उमेदवार’ म्हणा. आज आपण तो शब्द निवडणुकीपुरता ठेवलाय, पण पूर्वी कचेरीत पगाराशिवाय काम शिकत राहणाऱ्याला उमेदवार म्हणायचे. ‘उमेदवारीचे दिवस’ हे अजून बोलतात. त्यात उमेद आहे, ती या मुलाकडे असतेच.

कॅन्ससहून

नवा मसुदा असा केला : ‘दोन वर्षांच्या कॉलेजांतून हेरलेल्या चार मुलांनी होकार दिला आहे. जुन्या कोचना नारळ दिल्यावर आता दोघातिघांची नावं घेतली जाताहेत. त्यातल्या एकाने आपल्या उमेदवारीचे दिवस अशाच छोट्या कॉलेजात काढले आहेत.’

पुण्याहून

शेवटच्या वाक्यात ‘उमेदवारीचे दिवस’ कोचसाठी आला आणि वॉक-ऑनसाठीही तोच शब्द ठेवणार असाल तर वाचक गोंधळेल. कोचसाठी ‘सुरुवातीची वर्षं’ करा.

कॅन्ससहून

केलं. काल आईला पुन्हा वाचून दाखवलं. या वेळी अकरावीचा विषय निघाला नाही. तिने विचारलं, “मग त्या दोन वर्षांचे पैसे कोण भरतं?” बऱ्याच राज्यांत दोन वर्षांची कॉलेजंही खेळाडूंना शिष्यवृत्ती देतात, पण कॅलिफोर्नियातली खेळासाठी देत नाहीत. म्हणजे रॉजर्स ब्यूटला खेळला तेव्हा खेळासाठी कॉलेजकडून त्याला एक पैही मिळत नव्हती. हे माझ्या लेखात नव्हतंच, आता घालते आहे.