सही घेतली, सांगितलं काहीच नाही

मानपाडा_ठाणे:
वडील ७१ वर्षांचे. जिना चढताना छातीत जड वाटायचं, दोन मिनिटं थांबलं की जायचं. दोन महिने असंच चाललं होतं. घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या रुग्णालयात दाखवलं. ईसीजी, टूडी इको झालं आणि अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा आहे का ते बघायची तपासणी, ठरली. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरने चार पानी फॉर्म पुढे केला. ‘इथे, इथे आणि इथे सही करा.’ मी वाचायला लागलो तर म्हणाली, ‘सगळ्यांचा सेमच असतो, पेशंटला आत घ्यायचंय.’ मी सही केली.

अर्ध्या तासाने कॅथलॅबच्या, म्हणजे ही तपासणी करतात त्या खोलीच्या, दाराशी बोलावलं. स्क्रीनवरच्या काळ्या रेषा दाखवून डॉक्टर म्हणाले, ‘दोन ठिकाणी ब्लॉक आहे, एक ९० टक्के. पेशंट टेबलवर आहे, आत्ताच स्टेंट टाकू. लवकर ठरवा.’ स्टेंट म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी. माझ्या तोंडून ‘टाका’ एवढंच निघालं. दुसरं काय म्हणणार होतो? बिल तीन लाखांच्या वर गेलं. वडील आता बरे आहेत, आणि उपचार चुकला असं माझं म्हणणं नाही. पण नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की अटॅक आलेला नसेल आणि दुखणं स्थिर असेल, तर आधी औषधांवर राहून बघणं हाही मान्य मार्ग आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘करेज’ अभ्यासात अशा रुग्णांना सुरुवातीलाच स्टेंट टाकल्याने मृत्यू किंवा अटॅक कमी झाले नव्हते. हे मला त्या दारात कोणी सांगितलं नाही.

२००८ चा समीरा कोहली खटला वाचा. बाई दुर्बिणीतून तपासणीसाठी गेली, तिला भूल दिलेली असताना आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले. सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की जीव वाचवण्याची घाई नसेल तर तपासणीची संमती ही उपचाराची संमती होत नाही. जिथे ‘नाही’ म्हणायला जागाच ठेवलेली नाही, तिथली सही मी संमती मानत नाही.

वाशीतला_सर्जन:
मी हृदयरोगतज्ज्ञ नाही, पण १८ वर्षं छोटं नर्सिंग होम चालवतोय, म्हणून दुसरी बाजू मांडतो. तुम्ही सांगितलेल्या अभ्यासातले रुग्ण अँजिओग्राफी झाल्यानंतर निवडलेले होते. डाव्या मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा असलेले त्यात घेतलेच नव्हते. आणि छातीतलं दुखणं पहिली काही वर्षं स्टेंटवाल्यांचं जास्त कमी झालं, हेही त्यातच आहे. एकाच वेळी काम उरकलं तर सुई एकदाच टोचावी लागते आणि कॅथलॅबचा खर्चही एकदाच होतो. टेबलवरून उतरवून आठ दिवसांनी परत बोलावलं असतं, तर ‘दोनदा पैसे काढले’ असं तुम्हीच म्हणाला असतात.

फॉर्म चार पानी का झाला, तेही सांगतो. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. पेशंटला हक्क मिळाला, ते योग्यच झालं. पण त्या दिवसापासून आम्ही आधी वकिलाला डोळ्यांसमोर ठेवून लिहायला लागलो. त्यात मारहाणीची भीती. ऑगस्ट २००१ मध्ये शिवसेनेचे ठाण्यातले नेते आनंद दिघे यांच्या निधनानंतर, ते दाखल होते ते ठाण्यातलं रुग्णालय जाळलं, तेव्हा मी शिकत होतो. वॉर्डातले पेशंट बाहेर काढावे लागले होते. २०१० साली महाराष्ट्रात डॉक्टर-रुग्णालयांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा झाला, गुन्हा अजामीनपात्र ठरला, तरी आजही रात्री दोन वाजता बारा नातेवाईक केबिनमध्ये घुसले की माझे हात थंड पडतात. मुलाला सगळं समजावतो, तासाभराने गावाहून काका येतात, पुन्हा पहिल्यापासून. शब्दात शब्द सापडला की भांडण. कागदावर सही असली की निदान एक आधार असतो.

कोपरीची_सिस्टर:
तो फॉर्म पुढे करणारी मीच असते. समजवायचं काम डॉक्टरांचं, आम्ही फक्त साक्षीदार. प्रत्यक्षात डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये, शिकाऊ रेसिडेंट डॉक्टर तीन वॉर्ड सांभाळतोय आणि कॅथलॅबमधून ‘पुढचा पेशंट पाठवा’ म्हणून फोन. मग ‘सेमच असतो’ हे वाक्य आमच्या तोंडी बसतं. मला त्याची लाज वाटते. पण माझ्या एका पाळीत सात-आठ फॉर्म असतात. प्रत्येकाला वीस मिनिटं दिली तर इंजेक्शनं कोण देणार?

दादा, तुमच्याकडे निदान वाचायला फॉर्म होता. मी आधी पालिकेच्या रुग्णालयात होते. तिथे सकाळी सातपासून केसपेपरची रांग, एका खाटेला लागून जमिनीवर दुसरी गादी. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले, तेव्हा ठाण्याच्या सिव्हिल रुग्णालयाच्या नव्या इमारतीचं काम निघालेलं आणि त्याचा भारही कळव्यावर होता. अशा ठिकाणी कोण कोणाला पर्याय समजावणार? माणसं वाढवल्याशिवाय नुसतं ‘बोला, बोला’ म्हणून काही होणार नाही.

नेरुळ_६०:
मला सगळं सांगणारा डॉक्टर नको. प्रोस्टेटच्या ऑपरेशनआधी एकाने धोक्यांची यादी वाचली, तीन रात्री झोप नाही. ज्याने आयुष्य त्यात घालवलंय त्याने ठरवावं. विमानात बसताना पायलटला आपण पर्याय विचारतो का?

मानपाडा_ठाणे:
काका, तुम्हाला नको असेल तर ‘तुम्हीच ठरवा’ म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. पण तेही तुम्ही सांगायचं, त्यांनी गृहीत धरायचं नाही.

सानपाड्याची_सून:
दादा, एक विचारू? राग मानू नका. अँजिओग्राफीत पूर्ण भूल देत नाहीत, जागा बधिर करतात. तुमचे वडील शुद्धीवर होते ना? मग डॉक्टर दाराशी येऊन तुम्हाला का विचारत होते? आणि तुम्ही तरी ‘बाबांना विचारा’ म्हणालात का?

हे मी स्वतःच्या अनुभवावरून बोलतेय. सासूबाईंना स्तनाचा कर्करोग निघाला तेव्हा आम्हीच डॉक्टरांच्या हातापाया पडलो, त्यांना फक्त ‘गाठ’ म्हणा. तिसऱ्या केमोच्या वेळी त्या मला म्हणाल्या, ‘अगं, त्या हॉलमध्ये सगळे टकलेच बसतात, मला कळत नाही का?’ तीन महिने त्या आमच्यासाठी गप्प होत्या. डॉक्टर बोलत नाहीत हे खरंच आहे. पण बऱ्याचदा त्यांचं तोंड आपण घरचेच बंद करतो.

मानपाडा_ठाणे:
ताई, तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. काल वडिलांना विचारलं. ते म्हणाले, ‘डॉक्टर बाहेर गेले तेव्हा मी तिथल्या पोराला विचारलं, काय निघालं रे? तो म्हणाला, नातेवाईकांशी बोलतायत.’ मी विचारलं, तुम्हाला विचारलं असतं तर काय म्हणाला असतात? ‘घरी जातो म्हणालो असतो. तुझ्या आईशी बोलून सांगतो.’

डॉक्टरसाहेब, माझं मत मात्र बदललेलं नाही. टेबलवर घाई असते हे समजतं. पण आदल्या दिवशी ओपीडीत काय घाई होती? ‘ब्लॉक निघाला तर लगेच स्टेंट टाकायचा, की थांबून विचार करायचा?’ एवढं वडिलांना तेव्हाच विचारता आलं असतं.

वाशीतला_सर्जन:
हो, आदल्या दिवशी विचारायला हवं होतं. इथे माझ्याकडे बचाव नाही. पण मागच्याच महिन्यात मी एका आजोबांशी, मुलाला बाहेर बसवून, एकट्याने बोललो. त्यांनी ऑपरेशन नको म्हटलं. रात्री मुलाचा फोन: ‘तुम्ही त्यांना घाबरवलंत, आता काही झालं तर बघा.’ आजोबांचं ऐकायचं, की त्या फोनचं?