‘वजें’ मराठीत कसं लिहायचं?

माशेलची लेक

घरच्यांपुरतं एक पुस्तक करतेय. आई, काकू आणि आत्या यांच्या पाककृती, आणि त्यासोबत कुठला पदार्थ कधी व्हायचा, कुणाकुणाकडे जायचा त्याच्या आठवणी. बोलणं सगळं कोंकणीतलं, फोनवर रेकॉर्ड केलेलं. लिहितेय मराठीत, कारण आमच्याकडच्या मोठ्यांना वाचायची सवय मराठीची आणि पुण्या-मुंबईच्या भाचरांनाही तीच वाचता येते.

अडलंय आत्याच्या एका वाक्याशी. ‘पयल्या चवथीक कुळारांतल्यान वजें आयलें, सगळ्या वाड्यार वांटलें.’ मी लिहिलं, ‘पहिल्या चतुर्थीला माहेरून ओझे आले, ते सगळ्या वाड्यावर वाटले.’ पुण्याच्या वहिनीने कच्चा खर्डा वाचून लगेच फोन केला, आत्यांच्या माहेरी तेव्हा काही अडचण होती का म्हणून. तिला समजावलं, की आमच्याकडे गोव्यात लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला लेकीच्या सासरी माहेरून जे फराळ-फळांचं सामान जातं ते वजें. तेव्हा ती म्हणाली, मग सरळ ‘वानवळा’ लिही की, किती छान शब्द आहे. आत्याला तसं वाचून दाखवलं, तर तिने मान हलवली. ‘असलें कांय आमगेर आयिल्लें ना.’

आता काय लिहू? तळटीप नको आहे. आठवण वाचताना कुणाला पानाच्या तळाशी उतरायला लावणं मला पटत नाही.

कोशवाचक

‘ओझे’ काढू नका. वजें, ओजें आणि ओझे हा एकच शब्द आहे, वह् धातूचा. जे वाहून न्यायचं ते. मराठीतसुद्धा तो मनावरच्या भारापुरता नाही. गवताचं ओझं, लाकडांचं ओझं असं आपण म्हणतोच, आणि तिथे कुणालाही दुःख होत नाही. एका माणसाच्या डोक्यावर मावेल तेवढा माल, असा जवळजवळ मापाचा अर्थ आहे तो. चवथीचं वजेंही डोक्यावरूनच जायचं. वाक्यात पाटी किंवा डोकं आणा, अर्थ आपोआप उजळेल.

पर्वरीचो

आधी ते नीट लिहा तरी. आमच्याकडे ‘व्हजें’ म्हणतात, व्ह स्पष्ट ऐकू येतो. माझी आई ‘ओजें’ म्हणायची, ती सासष्टीची. ‘वजें’ हे कुठलं?

माशेलची लेक

अंत्रुजातलं, म्हणजे फोंड्याकडचं. आत्या जसं बोलली तसंच लिहिलंय.

सोलापूरहून वेर्ण्यात

वानवळा आमच्याकडचा शब्द, म्हणून लिहितो. शेतात पहिल्यांदा काही निघालं की चार घरी थोडं थोडं पाठवायचं. ओल्या शेंगा, हरभऱ्याची डहाळी, हुरडा, गूळ निघाला तर ताज्या गुळाचा खडा. घरी काही वेगळं केलं तरी शेजारी वाटी जाते, तोही वानवळाच. काही जण वानोळा म्हणतात. यात देणारा मोठा नि घेणारा लहान असं काही नसतं. माझी आई अजून इथे येणाऱ्या माणसाबरोबर शेंगदाण्याची चटणी धाडते आणि फोनवर सांगते, ‘वानवळा दिलाय, शेजाऱ्यांना पण द्या.’ आमच्या शेजारच्या बाई त्या चटणीच्या बदल्यात हळदीच्या पानातल्या पातोळ्या पाठवतात. मला वाटतं शब्द दोन, पण माया एकच. तुमच्या वहिनींचं काही चुकलं नाही.

फोंडेकरीण

माया एक असेल, पण वस्तू एक नाही, आणि पुस्तक पाककृतींचं आहे म्हटल्यावर वस्तूला महत्त्व आहे.

वानवळा थोडका असतो. चव कळावी एवढा. वजें तसं चालत नाही. ते मुलीच्या घराला पुरून वाड्यावरच्या प्रत्येक घरात पोचलं पाहिजे. करंजीसारख्या नेवऱ्यो, लाडू, केळ्यांचे घड, नारळ, फळफळावळ. काही घरांतून माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या चौकटीला, बांधायचं सामानही त्याबरोबर जातं. आमच्या घरी आई, मोठी आई आणि शेजारच्या दोघी मिळून नेवऱ्यो करायला बसायच्या. एक लाटणार, एक सारण भरणार, एक कातणीने कडा कापणार, एक तळणीजवळ. तळणीजवळची जागा मोठ्या आईचीच, कारण तेल किती तापलं ते तिला नुसत्या वासावरून कळायचं. लाटलेल्या पाऱ्या वाळू नयेत म्हणून ओलं फडकं घालायचं आणि तळलेल्या नेवऱ्यो गार झाल्याशिवाय डब्यात भरायच्या नाहीत, नाहीतर मऊ पडतात. मुलीच्या घरी डबा उघडताना नेवरी कुरकुरीत नसली तर बोलणं आईला, हे त्या सगळ्यांना माहीत होतं. एवढं सगळं ‘वानवळा’ या शब्दात कुठे बसवणार?

शुद्धमराठी

वानवळा हा ‘वाण’वरून आला आहे. व्रताच्या शेवटी द्यायचे ते वायन, त्याचे वाण, आणि त्याचा विस्तार वानवळा. म्हणजे मुळातच हा धार्मिक प्रसंगी द्यायच्या खाद्याचा शब्द आहे. चतुर्थीला तो अगदी योग्य बसतो. मराठीत असा तयार, सुंदर शब्द असताना ‘वजें’ लिहून वाचकाला अडवू नये. लेखन मराठी असेल तर मराठीच असावे.

कोशवाचक

वाणाचा इथे संबंध मला दिसत नाही. ‘वानगी’ पाहा. वानगीदाखल म्हणजे नमुन्यादाखल. वानवळा त्या घरातला, नमुना म्हणून पाठवलेलं. गुजरातीत वानगी म्हणजे खाण्याचा पदार्थच. सोलापूरच्या मित्राने सांगितलेला वापर, नव्या पिकातलं थोडंसं, याच्याशी तंतोतंत जुळतो. संक्रांतीच्या वाणात नमुना कुठे असतो?

शुद्धमराठी

वाणातला ‘ण’ आणि वानगीतला ‘न’ एवढ्यावरून निकाल लावता येत नाही. बोलीत दोन्ही एकमेकांत मिसळतात.

सावंतवाडीकर

आमच्याकडे गौरीला ओवसा असतो. नवी सून सूप भरून गौरीसमोर ठेवते, मग घरातल्या मोठ्यांना देते, मोठे तिला काहीतरी देतात. सुपं माहेरून येतात. गोव्याच्या हद्दीपासून आमचं गाव हाकेवर, तरी वजें नाही, ओवसा आहे. ओवसा म्हणजे ववसा, म्हणजे वसा. ‘उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको’ त्यातला. ओजें आणि ओवसा यांचं मूळ एक असेल का?

कोशवाचक

नाही. एकात वाहणं आहे, दुसऱ्यात व्रत.

सावंतवाडीकर

इतकं झटकन नाही म्हणू नका. दोन्ही नव्या नवरीचं, दोन्ही चवथीच्या दिवसांतलं, दोन्ही माहेरून. माझी आजी सूप उचलून नेण्याला ‘ओवसो व्हावपाक गेली’ असंच म्हणायची. वाहणं त्यातही आलंच.

रायबंदरची

मराठी वाचते, लिहायची सवय कमी, सांभाळून घ्या. वजें फक्त चवथीचं असं सगळे का धरून चाललेत? आमच्या किरिस्तांव घरांतही वजें आहे. लग्न झालं की व्हंकलेच्या, म्हणजे नवरीच्या, घरून नवऱ्याच्या घरी जातं. दोदोल, बोलीनां, केळी. तेही वाड्यार वांटतात. ज्याच्या घरी पोचलं नाही तो मनाला लावून घेतो. तुमच्या आत्याने ‘सगळ्या वाड्यार वांटलें’ म्हटलं ना, तेच खरं वजें. वाटल्याशिवाय ते वजें होत नाही.

आणि नाताळचं वेगळं, ते कोंसवाद. आमच्याकडून शेजारच्या हिंदू घरांत ताट जातं, नेवऱ्यो, कुलकुलां, दोस, पेराद. दिवाळीला त्यांच्याकडून फोव येतात. कोंसवादच्या मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ नाताळच्या आदल्या रात्रीचं जेवण. इथे येऊन तो शेजाऱ्याला पाठवायच्या ताटाचा झाला. आता कुणी मला म्हणेल की कोंसवाद मराठीत ‘नाताळचा वानवळा’ लिहा, तर मी ऐकणार नाही.

पर्वरीचो

दिवाळीच्या फोवांवर वेगळी चर्चा व्हायला पाहिजे. दुधातले, ताकातले, रोसातले, बटाट फोव. महाराष्ट्राला पोहे म्हणजे कांदेपोहेच माहीत.

शुद्धमराठी

विषयावर राहू. माझा मुद्दा कोंकणीविरुद्ध नाही. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली, मराठीलाही वापरात जागा मिळाली. दोन्ही भाषा आपापल्या जागी समर्थ आहेत. म्हणूनच म्हणतो, मिसळ करू नये. उद्या पुण्यातल्या वाचकाला पानोपानी अर्थ विचारावा लागला तर ते पुस्तक मराठी कसे?

माशेलची लेक

पुण्यातला वाचक म्हणजे माझा भाचा. त्याला अर्थ विचारावासा वाटला आणि त्याने आजीला फोन केला, तर पुस्तकाचं काम झालं असं मी समजेन.

कोशवाचक

मिसळीबद्दल एक जुना दाखला देतो. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्रीने गोव्यात ख्रिस्ताच्या जीवनावर ‘क्रिस्तपुराण’ मराठीत लिहिलं, १६१६ साली ते छापलं गेलं. प्रस्तावनेत तो स्वतःच सांगतो की शुद्ध मराठी सामान्य लोकांना कळत नाही, म्हणून अवघड शब्द टाकून ठिकठिकाणी ब्राह्मणांच्या भाषेतले सोपे शब्द मिसळले. ही ब्राह्मणांची भाषा म्हणजे इथली कोंकणी. गोव्यातलं मराठी लेखन चारशे वर्षं असंच चालत आलंय. घरात एक भाषा बोलायची, लिहायला दुसरी घ्यायची, आणि घरातले शब्द तिच्यात न्यायचे. त्यात मराठीचं काही कमी झालेलं मला दिसत नाही.

शुद्धमराठी

स्टीफन्सने ऐकणाऱ्याला कळावे म्हणून मिसळ केली. इथे न कळणारा शब्द आणायचा आग्रह आहे. तुमचा दाखला माझ्याच बाजूने उभा राहतो.

डिचोलीचा

एवढा वेळ वाचत होतो. सगळे वजें म्हणजे नुसता आनंद असं धरून बोलताय, म्हणून लिहितो. माझ्या बहिणीच्या पहिल्या चवथीला वडिलांनी उसने पैसे काढले होते. शेजारच्या घरी आलेल्या वजयात काय काय होतं त्याची चर्चा आधीच होऊन गेलेली, त्याहून कमी न्यायची सोय नव्हती. आईने नेवऱ्यो मोजून डब्यात भरलेल्या मला आठवतात. वाड्यावरची घरं बोटांवर मोजत होती, पुन्हा पुन्हा. बहिणीच्या सासरी माणसं चांगली होती, कुणी काही मागितलं नव्हतं. तरीही.

म्हणून वहिनीने जो अर्थ लावला तो मला चुकीचा वाटत नाही. ‘माहेरून ओझे आले’ हे वाक्य मी वाचलं असतं तर मला ते पूर्ण खरं वाटलं असतं.

फोंडेकरीण

डिचोलीच्या भावाचं म्हणणं मनाला लागलं. आमच्याकडे मोठ्या आईने एका वर्षी साफ सांगितलं होतं, नारळ-केळी आणि एक डबा, बस्स. बाकी घरांना सासूने आपल्या घरचं करून वाटलं आणि माहेरचंच म्हणून सांगितलं. अशी सासूही असते, तेही लिहायला हवं. पण सगळ्यांना ती मिळत नाही, हे खरं.

सोलापूरहून वेर्ण्यात

आमच्याकडे रुखवताचं असंच होतं. मुलीकडून न्यायचं खाणं, त्याचं पुढे प्रदर्शन झालं. मग इथे ‘रुखवत’ का नको?

माशेलची लेक

रुखवत लग्नात संपतं. हे चवथीचं. आणि रुखवत बघायला मांडतात, हे आल्याबरोबर वाटून संपवतात.

डिचोलीच्या दादा, तुमचं वाचून काल आत्याला पुन्हा विचारलं, तुझ्या वेळी घरच्यांना जड गेलं होतं का. ती बराच वेळ नेवऱ्यांच्या सारणाबद्दलच बोलत राहिली. चण्याच्या डाळीचं पुरण होतं, वेलची घातलेली, गूळ काळा. मग म्हणाली, बाबांनी भात विकला होता. हे मला आजवर माहीत नव्हतं. रेकॉर्ड केलंय, पण छापायचं की नाही ते तिलाच विचारीन.

सावंतवाडीकर

चण्याच्या डाळीचं पुरण? मग ती नेवरी. ओलं खोबरं-गुळाची असेल तर करंजी.

रायबंदरची

आमच्या नेवरेंत खोबरं असतं, काजू, तीळ असतात, आणि तिला नेवरीच म्हणतात.

शुद्धमराठी

करंजी हा व्यापक शब्द आहे. सारण काहीही असो, आकारावरून नाव.

फोंडेकरीण

आकारावरून नाही. आमच्याकडे मोदकाच्याच उकडीची, वाफवलेलीही नेवरी होते, तिला कुणी करंजी म्हणेल का? माशेलच्या लेकी, तुझ्या पुस्तकात पाककृतीचं शीर्षक काय दिलंस?

माशेलची लेक

‘नेवऱ्यो’. वहिनीने तिथेही लाल खूण केलीय.

पर्वरीचो

आणि ‘व्हजें’चं काय ठरलं?