मदत हवी आहे: मॉर्मन चर्चच्या ‘कोरम’ला मराठीत काय म्हणावं?

रसेल नेल्सन यांच्यावर छोटा लेख लिहितेय. मूळचे हृदयशल्यविशारद, अमेरिकेतल्या युटा राज्यातली पहिली ओपन-हार्ट शस्त्रक्रिया १९५५मध्ये त्यांनीच केली. १९८४मध्ये मॉर्मन चर्चचे (अमेरिकेत सुरू झालेल्या ख्रिस्ती पंथाचे) प्रेषित झाले, २०१८पासून २०२५मध्ये निधन होईपर्यंत अध्यक्ष.

अडलंय ‘कोरम ऑफ द ट्वेल्व्ह अपॉसल्स’वर, म्हणजे चर्चच्या बारा प्रेषितांच्या गटाच्या नावावर. ‘प्रेषित’, ‘संदेष्टा’ मराठी बायबलमध्ये आहेतच, ते प्रश्न नाहीत. पण कोरम म्हणजे कोशात ‘गणपूर्ती’, आणि ते वाचून सोसायटीची तहकूब सभाच आठवते! ‘मंडळ’ लिहिलं तर देवस्थानाचे विश्वस्त वाटतात. अध्यक्ष गेल्यावर या पदी ज्येष्ठ प्रेषितच येतो, म्हणून सेवाज्येष्ठतेने बांधलेला कायमचा गट हा अर्थ यायला हवा. तळटीपेला जागा नाही. ‘बारा प्रेषितांचा संघ’ चालेल, की सरळ ‘कोरम’च ठेवू?