मागच्या अंगणातली चौथी तार

मीनावहिनी (मिशिगन): सर्वांना नमस्कार. मार्चमधील वादळात आमच्या मागच्या कुंपणापलीकडे तार पडली होती, ते आपणा सर्वांना आठवत असेलच. आज वीज कंपनीची सूचना दाराला अडकवलेली मिळाली. आमच्या वस्तीतील ४.८ किलोव्होल्टची डेल्टा पद्धत काढून १३.२ किलोव्होल्टची वाय पद्धत आणणार आहेत, त्यासाठी मागच्या अंगणातले खांब बदलणार आहेत आणि मेपलच्या निम्म्या फांद्या छाटणार आहेत. व्होल्टेज जवळजवळ तिप्पट होणार असेल, तर घरातल्या उपकरणांचे काय होईल, हे बाळकाकांनी कृपया सांगावे. चेतनला विचारले, तर ‘काही होत नाही’ यापलीकडे उत्तर मिळत नाही.

ठाण्याचे मामा: चांगल्या कंपनीचा स्टॅबिलायझर आजच बसवून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाळकाका: चि. मीना, घरात येणारा पुरवठा आजच्यासारखाच १२० आणि २४० व्होल्टचा राहील. बदल ट्रान्सफॉर्मरच्या वरच्या बाजूला आहे आणि खांबावरचा ट्रान्सफॉर्मरही ते नव्या व्होल्टेजला चालणाराच लावतील. आपण ज्याला स्टार म्हणतो, त्यालाच तिकडे वाय म्हणतात. त्यात तिन्ही तारा एका मध्याला जोडलेल्या असतात आणि त्या मध्यातून निघणारी चौथी, परतीची तार म्हणजे न्यूट्रल. डेल्टा म्हणजे तीन तारांचा त्रिकोण. त्यात न्यूट्रल नसतो आणि तुमच्याकडच्या जुन्या पद्धतीत त्रिकोणाचा एकही कोपरा जमिनीला जोडलेला नाही. त्यामुळे एखादी तार तुटून जमिनीवर पडली, तरी प्रवाहाला परतायला सरळ वाट नसते, अगदी थोडा प्रवाह वाहतो, फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही, आणि उरलेल्या दोन तारांचे जमिनीच्या तुलनेत असलेले व्होल्टेज सुमारे २,७७० वरून ४,८०० पर्यंत चढते. सबस्टेशनमध्ये बसलेल्या माणसाला कोणत्या फेजला, म्हणजे तिघींपैकी कोणत्या तारेला, जमीन लागली आहे एवढे कळते. कुठे लागली आहे, ते लाइन पायी फिरून शोधावे लागते.

मीनावहिनी (मिशिगन): म्हणजे त्या रात्री ओल्या गवतात पडलेली तार जिवंत होती, आमच्या स्वयंपाकघरातला दिवा नीट जळत होता, आणि मी खिडकीतून पाहून ‘वीज आहे, म्हणजे ती केबलवाल्यांची तार असेल’ असे समजत होते!

चेतनदादा: मी त्याच वेळी ९११ ला दूरध्वनी केला होता, याची नोंद घ्यावी.

मीनावहिनी (मिशिगन): तू दूरध्वनी केलास, तो मी तीनदा सांगितल्यानंतर केलास. त्याचीही नोंद घ्यावी.

सुमनआत्या: बाळ, असली पद्धत शहाण्या माणसांनी मुळात उभारलीच कशाला?

बाळकाका: आक्का, त्या काळी तोच तिचा गुण होता. फांदी टेकली, एखादा इन्सुलेटर फुटला, तरी पुरवठा चालू राहतो आणि दुरुस्ती सवडीने करता येते. तीन ट्रान्सफॉर्मरपैकी एक जळाला, तर उरलेल्या दोघांवर मूळ क्षमतेच्या सुमारे ५८ टक्के भार चालवता येतो. चौथ्या तारेचा खर्चही वाचतो. डेट्रॉईटच्या परिसरात आणि लॉस एंजेलिसमध्ये ४.८ किलोव्होल्टच्या डेल्टा लाइनी अजूनही आहेत. पण पुढे घरोघरी वातानुकूलन आले, आता मोटारीही घरीच चार्ज होतात. तेवढाच भार १३.२ वर नेला की तारेतला प्रवाह सुमारे ३६ टक्क्यांवर येतो आणि त्याच जाडीच्या तारेत उष्णतेने वाया जाणारी वीज मूळच्या साधारण १३ टक्के उरते.

ठाण्याचे मामा: तरीही स्टॅबिलायझर असलेला बरा, हे मी पुन्हा एकदा नम्रपणे नमूद करतो.

सुमनआत्या: न्यूट्रलचे महत्त्व बाळने समजावून सांगावे, याची मला मौज वाटते. वाड्यात गौरींच्या आदल्या दिवशी मीटरबोर्डावरचा न्यूट्रल ‘जरा घट्ट करतो’ म्हणून स्टुलावर कोण चढले होते आणि आमचा नवा फ्रिज कशाने गेला, हे इथल्या थोरल्या मंडळींना ठाऊक आहे.

बाळकाका: आक्का, तो न्यूट्रल आधीपासूनच सैल होता. न्यूट्रल सुटला की तिन्ही फेजचा मध्य भरकटतो. ज्या फेजवर भार कमी, तिथले व्होल्टेज २३० वरून तीनशेच्याही वर जाते, आणि तुमच्या खोलीत त्या वेळी फ्रिजखेरीज काहीच चालू नव्हते. यात माझा काय दोष?

सुमनआत्या: दोष कोणी काढला? मी केवळ आठवण सांगितली.

ठाण्याची ताई: मग आपल्या कोपऱ्यावरच्या डीपीत कोणती पद्धत असते, काका?

बाळकाका: दोन्ही असतात. डीपीत ११ किलोव्होल्टची बाजू डेल्टा, आणि घरांकडे येणारी ४३३ व्होल्टची बाजू स्टार, जिचा न्यूट्रल डीपीशेजारीच जमिनीत पुरलेला असतो. आपल्याकडे मात्र ११ किलोव्होल्टच्या लाइनीचा स्टार सबस्टेशनमध्ये जमिनीला जोडलेला असतो, म्हणून तार पडली की तिथला ब्रेकर पडण्याची बरीच शक्यता असते. मीनाच्या भागात नेमके हेच नव्हते. तिथे आता एकमेकींत १३.२ आणि जमिनीच्या तुलनेत ७.६ किलोव्होल्ट असलेल्या तीन तारा आणि ठिकठिकाणी जमिनीत उतरवलेला चौथा न्यूट्रल येईल. मात्र कोरड्या डांबरावर किंवा वाळूवर पडलेली तार स्टार पद्धतीतही फ्यूज न उडवता तशीच जिवंत राहू शकते, तेव्हा पडलेल्या तारेजवळ जायचे नाही, हा नियम बदलत नाही.

चेतनदादा: चौथ्या तारेचेही उपद्रव आहेत. न्यूट्रलमधून प्रवाह वाहतो, त्याचा थोडा भाग जमिनीतून परततो, आणि विस्कॉन्सिन-मिशिगनमधील गोठ्यांत गाय पाणी प्यायला भांड्याला तोंड लावते तेव्हा तिला बारीक झटके बसतात, अशा तक्रारींवरून बरेच वाद झालेले आहेत.

ठाण्याची ताई: दादा, तुमच्या गोठ्यात सध्या किती गाई आहेत?

चेतनदादा: मी माहिती म्हणून लिहिले.

ठाण्याचे मामा: गाईंसाठीही स्टॅबिलायझर...

सुमनआत्या: भाऊसाहेब, पुरे आता.

मीनावहिनी (मिशिगन): काका, एक शेवटची शंका. सूचनेत बुधवारी सकाळी ९ ते ३ वीज बंद राहील असे लिहिले आहे. जुन्या लाइनीवरून थेट नव्या लाइनीवर घेता येत नाही का?

बाळकाका: नाही. दोन्ही लाइनींचे व्होल्टेज वेगळे, त्यातून डेल्टा आणि स्टार यांच्यातल्या विजेच्या लहरी बहुधा ३० अंशांनी पुढेमागे असतात, त्यामुळे क्षणभरही एकमेकींना जोडता येत नाहीत. जुनी सोडायची, ट्रान्सफॉर्मर बदलायचा, मग नवी घ्यायची. नंतर काही दिवस तीन तारांचे जुने खांब तुमच्या अंगणात तसेच उभे राहतील, त्याबद्दल चिडू नकोस. वीज आल्यावर दिवे मंद किंवा फार प्रखर दिसले, तर मात्र लगेच कळव.

सुमनआत्या: मीना, फ्रिजची तार आदल्या रात्रीच काढून ठेव. आणि काका म्हणतात म्हणून चेतनला स्टुलावर चढू देऊ नकोस.