मदत हवी आहे : ओपन जिमजवळची जिओकॅशिंगची डबी कशी शोधावी?

नमस्कार. लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये मी आणि माझी मुलगी जिओकॅशिंग करतो, म्हणजे जीपीएसच्या आधारे कोणीतरी लपवलेली डबी शोधून तिच्यातल्या कागदावर नाव नोंदवतो. १८४५ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या या उद्यानात जुन्या लंडन ब्रिजवरचे दोन दगडी कोनाडे आजही उभे आहेत, आणि ते पाहताना मुलगी शोधसुद्धा विसरते. अडचण येते ती ओपन जिमपाशी. तिथे झाडांखाली फोनवरचा बिंदू सात-आठ मीटर सरकत राहतो आणि व्यायाम करणाऱ्यांच्या मध्ये वाकून शोधणे आम्हाला योग्य वाटत नाही. अशा जागी छोटी चुंबकी डबी साधारणपणे कुठे लावतात, आणि साधनांचे नटबोल्ट न हाताळता ती कशी शोधावी, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.