मदत हवी आहे: केयेन या परदेशी तिखट लाल मिरचीच्या तोडीची सुकी मिरची वाशीत कोणती मिळेल?

केयेनचा तिखटपणा साधारण 30,000 ते 50,000 स्कोव्हिल (तिखटपणा मोजायचं एकक). ब्याडगी रंगाला छान पण सौम्य, गुंटूरची तेजा फारच जहाल. संकेश्वरी चालेल का? वाशीच्या मसाला मार्केटात किलो-दोन किलो, देठासकट, नवा माल कोण देतं?

तयार पूड नको. पाव चमचा तिखटातून जीवनसत्त्वं तशी नाममात्रच, पण जे कॅरोटीन असतं तेही पुडीत उजेडाने, हवेने लवकर उडतं. मिरची कडकन मोडायला हवी. वाकली की ओल आहे, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात बुरशी ठरलेली.

घोडबंदर रोडकडे अर्धा किलो डंकावर कुटून देणारं कुणी? गिरणीचं पातं तापलं की रंग नि वास दोन्ही जातात, आणि मिक्सर लावला तर अख्खा मजला खोकतो.