खोलीआधी शिकवणारी ताई शोधा

वस्तीत मुलांसाठी अभ्यासवर्ग सुरू करायचा तर आधी स्वतःची खोली हवी, असं काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. मुंबईत खोलीची वाट बघत बसलात तर वर्ग कधीच सुरू होणार नाही.

१९११ साली कामगार नेते ना. म. जोशींनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग ही समाजसेवी संस्था काढली आणि कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालयं चालवली. पुढे १९९५ मध्ये 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने मुंबईतल्या झोपडपट्ट्यांत बालवाड्या सुरू केल्या त्या देवळात, कुणाच्या घरात, मिळेल त्या जागेत. शिकवणाऱ्या मुली त्याच वस्तीतल्या. मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं. मूल दोन दिवस आलं नाही तर शेजारच्या गल्लीतली ताई संध्याकाळी दारात जाऊन आईला विचारते. फक्त शनिवारी बाहेरून येणाऱ्या स्वयंसेवकाला, कितीही तळमळ असली तरी, हे जमत नाही.

अजून एक, मुलांना इयत्तेप्रमाणे बसवू नका. पाचवीतलं मूल जोडाक्षरांना अडखळत असेल तर त्याला तेवढंच येणाऱ्यांच्या गटात घ्या, वाचायला लागलं की लगेच पुढच्या गटात न्या. 'प्रथम'ने हीच पद्धत देशभर नेली.

जागेसाठी जवळच्या गणेशोत्सव मंडळाच्या कार्यालयात विचारून बघा. आणि त्या ताईला मानधन द्या, थोडं का होईना, पण दर महिन्याला न चुकता.